‘स्टॉक नाही’ म्हणण्याआधी : पहिल्या हंगामी नोकरीतलं एक प्रकरण

सतरा वर्षांची मुलगी, पहिलीच नोकरी, पादत्राणांचं दुकान आणि शाळा सुरू होण्याआधीचे गर्दीचे आठवडे. करार हंगामापुरता, पगार तासांवर. या काळात तिनं नेमून दिलेल्या कामाच्या बरंच पलीकडे जाऊन काम केलं. त्यातल्या काही गोष्टी दुकानाच्या कायमच्या उपयोगाच्या ठरल्या, काहींनी तिच्यावरच भार टाकला आणि एक गोष्ट मला थांबवावी लागली. मी त्या मजल्याची सुपरवायझर होते.

पहिल्या नोकरीवर निघालेल्या मुलांना घरून एक सल्ला हमखास मिळतो: सांगितलंय त्यापेक्षा थोडं जास्तच कर, लोकांच्या लक्षात राहशील. सल्ला चांगलाच आहे. पण जास्त म्हणजे काय जास्त, कुणाच्या वेळेत आणि कुठे थांबायचं, हे कोणी सांगत नाही. कामावर घेणारेही सांगत नाहीत, कारण जास्तीचं काम फुकटात पदरात पडत असतं. म्हणून हे प्रकरण मी जरा बारकाईनं मांडते आहे.

दुकानातली परिस्थिती

मुलांच्या शाळेच्या बुटांचा हंगाम म्हणजे थोड्या दिवसांत वर्षभराची धावपळ. ग्राहक एकटा येत नाही. एका मुलामागे दोन मोठी माणसं, बरेचदा दुसरं भावंडही. प्रत्येकाला दोन-तीन नंबर घालून बघायचे असतात. खोकी गोदामातून बाहेर येतात, उघडतात, बाकावर पसरतात आणि घाईघाईत परत आत जातात. जाताना ज्या खोक्यातून जो बूट निघाला तो त्याच खोक्यात जाईलच याची खात्री नसते.

हंगामी मुलांना आम्ही अर्धा दिवस शिकवायचो. रॅक कसे लावलेत, खोक्यावरचा आर्टिकल नंबर कसा वाचायचा, ग्राहकाला ताटकळत ठेवायचं नाही, बाकावर खोक्यांचा ढीग होऊ द्यायचा नाही, एवढंच. पायाचं माप घ्यायला वरवर शिकवायचो. कायम सेल्समनना बिलामागे इन्सेंटिव्ह होता, हंगामी मुलांना नव्हता. पुढे जे घडलं त्यात या फरकाचाही भाग आहे.

ती जोडी

भर गर्दीच्या संध्याकाळी एका बाईंना मुलासाठी काळ्या बुटांचा एक ठरावीक नमुना हवा होता, नंबर ३५. ग्राहक आमच्या जुन्या सेल्समनकडे होता. सगळे त्यांना काका म्हणतात. सिस्टीमवर एक जोडी दिसत होती, पण रॅकवर जागा रिकामी. काकांनी नेहमीचं उत्तर दिलं, “सिस्टीम दाखवते ताई, पण माल नाही.” बाई उठायला लागल्या.

शेजारच्या बाकावर खोकी आवरणाऱ्या या मुलीनं विचारलं, “काका, मी बघू का? पाचच मिनिटं.” मग बाईंना म्हणाली, “पाच मिनिटांत नाही मिळालं तर मी स्वतः येऊन नाही म्हणेन आणि दुसरा नमुना दाखवेन. तोवर बसा.”

हे वाक्य तिला कोणी शिकवलं नव्हतं. सेवेचा कस लागतो तो इथेच, असं माझं मत आहे. ‘बघते’ म्हणून गोदामात नाहीसं होणारा विक्रेता ग्राहकाचा वेळ खातो आणि शेजारच्या बाकावर थांबलेल्यांचाही. तिनं वेळ बांधून घेतला आणि शोधाचा निकाल सांगायची जबाबदारी स्वतःवर घेतली.

रॅकवर तिनं पुन्हा शोधलं नाही. काकांनी तिथे पाहिलेलं होतं. ती गेली सदोष मालाच्या फळीकडे. तिथे ३५ नंबरचं एक खोकं पडलेलं होतं. आत उजवा बूट ३५, डावा ३४. कोणीतरी ‘जोडी चुकीची’ म्हणून बाजूला टाकलं होतं. मग तिनं सरळ हिशेब केला: इथे ३४चा डावा आहे, म्हणजे ३४च्या कुठल्यातरी खोक्यात ३५चा डावा असणार. ३४च्या रॅकवर त्या नमुन्याची तीन खोकी होती. दुसऱ्यात तो सापडला.

हे खोकं तसंच विकलं गेलं असतं, तर एखादं मूल दोन वेगळ्या नंबरांचे बूट घालून शाळेत गेलं असतं. अशा तक्रारी आमच्याकडे दर हंगामात यायच्या. आम्ही माफी मागून बदलून द्यायचो आणि विसरायचो. अदलाबदल कुठे होते, याच्या मुळाशी कोणी गेलं नव्हतं.

आणि मग तिनं असं काही केलं की काका चक्क चिडले. मुलाला बूट घातले, उभं केलं, दोन्ही पायांची मापं घेतली आणि म्हणाली, “ताई, याचा डावा पाय थोडा मोठा आहे आणि चवडाही रुंद आहे. हा बूट पुढे निमुळता आहे. लांबीला बसतो, पण बोटं दाबली जातील. एक नंबर मोठा दिला तर टाच निसटेल.” तिनं दुसऱ्या कंपनीचा, पुढून रुंद नमुना आणून दिला. बाईंनी तोच घेतला. बिल तिनं काकांच्याच कोडवर करायला लावलं, कारण ग्राहक त्यांचा होता.

नंतर काका तिला म्हणाले, “बाळा, एवढं शोधून काढलंस आणि स्वतःच नको म्हणालीस?”

ती म्हणाली, “काका, सापडला म्हणून बसतो असं थोडंच आहे?”

तिला हे कुठून कळलं

माप घेण्याबद्दलचं तिचं ज्ञान आमच्या अर्ध्या दिवसाच्या शिकवणीतलं नव्हतं. पहिल्या काही दिवसांतच तिच्या लक्षात आलं होतं की एकाच मुलाला एका कंपनीचा ३५ होतो आणि दुसऱ्या कंपनीचा ३६ लागतो. बाकीची हंगामी मुलं ‘कंपनी-कंपनीत फरक असतो’ असं ऐकून गप्प बसली. तिनं कारण विचारलं, आणि मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं.

युरोपीय नंबरांमधलं अंतर सेंटिमीटरच्या दोन तृतीयांश, म्हणजे साधारण ६.७ मिलिमीटर. ब्रिटिश पद्धतीत ते इंचाच्या एक तृतीयांश, म्हणजे जवळपास ८.५ मिलिमीटर. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर कधीच चपखल बसत नाहीत. त्यामुळे खोक्यावर छापलेलं रूपांतर नेहमी ‘जवळपास’ असतं. शिवाय हा नंबर मूळचा बूट ज्या साच्यावर बनतो त्या साच्याच्या लांबीचा. बोटांपुढे किती मोकळी जागा धरायची, हे प्रत्येक कारखाना आपल्या पद्धतीनं ठरवतो. चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२०च्या दशकात सरकती पट्टी असलेलं पाय मोजायचं जे धातूचं साधन बनवलं, त्यात लांबीबरोबर रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतरही मोजतात. आमच्या दुकानात तसं एक साधन होतं. ते काउंटरखाली पडून असायचं.

तिनं ते बाहेर काढलं. आणि दुपारच्या सुस्त तासांत, जेव्हा बाकीचे मोबाईल बघत असत, तिनं मुलांच्या विभागातल्या प्रत्येक नमुन्याचा सुकतळा बाहेर काढून टेपनं मोजायला सुरुवात केली. नंबर, सुकतळ्याची लांबी, चवड्याची रुंदी, असा वहीत तक्ता. वाढत्या मुलाच्या अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा लागते, हे धरून पायाच्या मापावरून कोणत्या कंपनीचा कोणता नंबर आधी आणायचा, ते तक्ता बघून कळायचं. चार खोक्यांऐवजी दोनच बाहेर येऊ लागली. खोकी कमी उघडली की अदलाबदलही कमी. हा दुवा तिला दिसला होता, मला तिनं दाखवल्यावर दिसला.

काका हळूहळू वळले ते या तक्त्यामुळे. दिवसभरात पाय थोडे फुगतात, म्हणून सकाळी घेतलेल्या मापाला थोडी जागा जास्त धर; मूल बोटं आखडून घेतं, म्हणून बूट बाहेरून दाबण्याऐवजी सुकतळा काढून त्यावर पाय ठेवून बघ; या गोष्टी त्यांनी तिला आपणहून शिकवल्या. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणी त्यांना त्या विचारल्या नव्हत्या.

हरवलेल्या मालाचा प्रश्न तिच्या दुकानापुरता नाही

सिस्टीमवर माल दिसतो आणि हाताला लागत नाही, हे किरकोळ विक्रीचं जुनं दुखणं आहे. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका विक्री साखळीच्या ३७ दुकानांतल्या जवळपास ३,७०,००० साठा-नोंदी तपासल्या होत्या. त्यातल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. चोरी आणि बिलातल्या चुका ही त्याची कारणं असतातच, पण आमच्यासारख्या ठिकाणी फुटलेली जोडी, म्हणजे एकाच खोक्यात दोन वेगळ्या नंबरांचे बूट, हे मोठं कारण. माल दुकानात असतो, नोंदही बरोबर असते, तरी तो विकता येत नाही. असा माल शोधायला नवी यंत्रणा लागत नाही. खोकं परत ठेवताना दोन्ही बुटांच्या तळावरचा नंबर वाचायचा, बस्स. तिनं मला हा नियम सुचवला तेव्हा त्याला लागणारा वेळ मी स्वतः करून पाहिला. एका खोक्याला काही सेकंद.

जे थांबवावं लागलं

एका सकाळी मी गोदामात गेले तर शाळेच्या बुटांचा अख्खा रॅक नंबरवार लावलेला. प्रत्येक तपासलेल्या खोक्यावर पेन्सिलची छोटी खूण. आदल्या रात्री बंद करताना तो तसा नव्हता. हजेरीत तिची वेळ शिफ्ट संपल्याची. रखवालदारांनी सांगितलं, “पोरगी पंच करून परत आत जाते मॅडम. काल उशिरापर्यंत शिडीवर होती.”

मी तिला बोलावलं. ती घाबरली नाही, उलट खुश होती. म्हणाली, “दिवसा गर्दीत होत नाही मॅडम. आणि मी स्वतःहूनच करतेय.” थोडं थांबून तिनं विचारलं, “पुढच्या हंगामात परत घ्याल ना?”

‘स्वतःहून’ आणि ‘परत घ्याल ना’ ही दोन वाक्यं एका दमात आली. हंगामी कामगाराची स्वेच्छा अशीच असते. तिला उद्याची नोकरी हवी असते, म्हणून ती आजचे तास फुकट देते.

मालकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचं म्हणणं साधं होतं: “आपण कुठे सांगितलं? करतेय तर करू दे, पोरीचा उत्साह कशाला मारता?” मालक वाईट नव्हते. बहुतेक जण हेच म्हणतात आणि मनापासून म्हणतात. पण मला ते पटलं नाही. पंच झाल्यावर ती कागदोपत्री दुकानात नव्हतीच. शिडीवरून पडली असती तर ती तिथे का होती, याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. ती अठराच्या आतली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७३चा किमान वयाचा करार, क्रमांक १३८, कामाचं सर्वसाधारण किमान वय पंधरा धरतो आणि धोक्याच्या कामासाठी अठरा. पंधरा ते अठरा या वयात मूल कामावर येऊ शकतं, पण त्याच्या सुरक्षेची जास्त काळजी घेणं हे मोठ्यांचं काम. रात्री रिकाम्या गोदामात एकटीनं शिडी चढणं त्यात बसत नाही.

आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या लेखी ती सगळ्यात गंभीर. बाकीच्या हंगामी मुलांना कुणकुण लागली होती. एक मुलगा मला विचारून गेला, “मॅडम, आम्ही पण थांबायचं का?” त्याला शिफ्टनंतर धाकट्या बहिणीला क्लासमधून घ्यायला जायचं असे. तिच्या थांबण्यामुळे याच्या वेळेवर घरी जाण्याला ‘कमी’ लेखलं जाणार होतं. फुकट तास एकानं दिले की इतरांकडून मागितले जातात, आणि मग कोणी मागायचीही गरज राहत नाही.

कामाच्या ठिकाणच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्यांना हे नवीन नाही. डेनिस ऑर्गन यांनी १९८८ मध्ये नेमून दिलेल्या कामापलीकडच्या अशा वागण्याची जी व्याख्या केली, तिचे तीन भाग होते: माणूस ते आपल्या मर्जीनं करतो, औपचारिक मोबदल्याच्या चौकटीत ते थेट मोजलं जात नाही आणि एकूण मिळून संस्थेचं काम चांगलं चालतं. पुढे १९९७ मध्ये खुद्द ऑर्गन यांनीच व्याख्येतला मर्जीचा आणि मोबदल्याचा भाग सैल केला, कारण प्रत्यक्षात तो टिकत नव्हता. एरन व्हिगोडा-गाडोट यांनी २००६ मध्ये या वागण्याच्या सक्तीच्या बाजूवर लिहिलं: बाहेरून मर्जी दिसते, आतून दबाव असतो. मार्क बोलिनो आणि विल्यम टर्नली यांच्या २००५च्या अभ्यासात लवकर येणं, उशिरा थांबणं, सुटीतही काम करणं अशा पुढाकाराचा संबंध कामाच्या ओझ्याशी, ताणाशी आणि घर-काम ओढाताणीशी दिसला होता. ती माणसं मोठी होती. सतरा वर्षांच्या मुलीला तर नाही म्हणायची सवयही झालेली नसते.

दिवसाही तेच चालू झालं होतं. ‘तिला सांगा, ती शोधेल’ हे मजल्यावरचं पालुपद झालं होतं. दुसऱ्या विभागातले लोकही न सापडणारी खोकी तिच्याकडे ढकलत होते आणि ती पाच मिनिटांची मर्यादा स्वतःसाठी विसरली होती. तिच्या बाकावरचे ग्राहक थांबत होते. इन्सेंटिव्ह मात्र ज्यांनी ढकललं त्यांचा.

काय ठरलं

मी मालकांपुढे हिशेब मांडला तो पैशांच्या भाषेत. फुटलेल्या जोड्या विकता येत नाहीत. त्या जुळवणं हे काम आहे. काम आहे तर त्याला वेळ आणि पगार आहे. त्यांनी मान्य केलं, थोडी कुरकुर करून. ती किती तास थांबली होती ते रखवालदारांच्या नोंदीवरून आणि तिला विचारून काढलं आणि त्याचा ओव्हरटाइम दिला. ती आधी नको म्हणत होती. मी म्हटलं, “हे बक्षीस नाही, पगार आहे. सही कर.”

पंच झाल्यावर आत थांबायचं नाही, हे सगळ्यांसाठी. दुकान उघडण्याआधीचा अर्धा तास शिफ्टमध्ये धरला. त्या वेळात दोघांनी मिळून रॅक तपासायचा, म्हणजे शिडीवर एक असेल तर खाली दुसरा असेल. ज्याचा ग्राहक त्यानं शोधायचं, पाच मिनिटं, मग जाऊन खरं काय ते सांगायचं. शोधायला दुसऱ्यानं मदत केली तर बिलावर दोघांचे कोड. या शेवटच्या मुद्द्यावर कायम सेल्समननी बरीच हुज्जत घातली. बाजूनं पहिले बोलले ते काका.

तिला वाईट वाटलं. उशिरा थांबू नकोस म्हटल्यावर, आपलं काम आवडलं नाही असा तिनं अर्थ काढला. मला दोनदा समजावावं लागलं की तक्ता आणि जोड्यांचा नियम आम्ही दुकानाचा नियम म्हणून घेतोय, फक्त तिच्या झोपेच्या वेळेतून घेत नाही. जास्तीचं काम करणाऱ्या मुलाला अडवताना ही काळजी घ्यावी लागते. वेळ परत द्यायचा आणि काम ठेवून घ्यायचं, दोन्ही एकाच वाक्यात सांगितलं नाही तर पोर पुढच्या नोकरीत मान खाली घालून फक्त सांगितलेलं करतं.

मोजमापाची अडचण

हंगाम संपला तेव्हा आमच्या मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये ती मध्यम ठरत होती. फॉर्म विचारायचा: बिलं किती, वेळेवर हजर किती, तक्रारी किती. तिची बिलं इतर काही हंगामी मुलांपेक्षा कमी होती, कारण तिनं काही काकांच्या कोडवर दिली होती आणि बराच वेळ दुसऱ्यांचा माल शोधला होता. चुकीच्या जोडीच्या तक्रारी नियम लागल्यानंतर त्या हंगामात पुन्हा आल्या नाहीत, पण न आलेल्या तक्रारीसाठी फॉर्ममध्ये रकाना नसतो. चार-पाच आठवड्यांच्या ओळखीवर कोणाला परत बोलवायचं ते याच कागदावरून ठरतं. मी फॉर्मला एक मोकळी जागा जोडली: ‘या व्यक्तीमुळे दुकानाच्या कामात काय बदललं?’ बहुतेकांच्या फॉर्मवर ती कोरी राहते आणि त्यात गैर काही नाही. नेमलेलं काम नीट करून वेळेवर घरी जाणाऱ्या त्या मुलालाही मी परत बोलावण्याची शिफारस केली.

सगळं टिकलं असंही नाही. नवा माल आला की तक्त्यातली मापं जुनी होतात, आणि ती गेल्यावर काही महिने कोणी तो पुढे भरला नाही. आता नवीन नमुना आला की सुकतळा मोजून नोंद करण्याचं काम माल उतरवून घेणाऱ्याकडे दिलं आहे. जोड्या तपासण्याचा नियम मात्र अर्ध्या दिवसाच्या शिकवणीत पहिला शिकवतो.

अनुभवपत्रात ‘मेहनती, मनमिळाऊ, प्रामाणिक’ हे नेहमीचे शब्द मी टाळले. ते प्रत्येकाच्या पत्रात असतात, म्हणून कोणी वाचत नाही. काय केलं ते लिहिलं: फुटलेल्या जोड्यांचं कारण शोधलं, तपासणीची पद्धत सुचवली, मुलांच्या बुटांचा माप-तक्ता तयार केला, ग्राहकाला न बसणारा बूट विकण्याचं टाळलं. तक्त्याची एक प्रत तिला दिली. मूळ वही तिनं स्वतःच्या पैशांनी आणली होती. तिची किंमत शेवटच्या पगारात धरली आणि वही दुकानात राहिली.